रिक्वायरमेंट ते टेस्ट केस: ट्रेसेबिलिटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात टेस्टिंग करते, नवीन मुलामुलींना शिकवते, आणि आरटीएमबद्दल (रिक्वायरमेंट ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स, म्हणजे क्लायंटच्या मागण्या आणि त्या तपासणाऱ्या टेस्ट समोरासमोर मांडणारा तक्ता) तेच तेच प्रश्न दर बॅचला येतात, म्हणून सगळे इथे एकत्र केलेत. उदाहरण शक्यतो एकच ठेवलंय, एसटीचं ऑनलाइन तिकीट, कारण सवलतीचे नियम आपल्याला घरातूनच माहीत असतात. 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास (26 ऑगस्ट 2022 पासून), 65 ते 75 वयाला 50% सवलत, आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना 50% सवलत. खाली जे आर-12, टीसी-104 असे नंबर दिसतील (आर म्हणजे रिक्वायरमेंट, टीसी म्हणजे टेस्ट केस) ते मी सरावासाठी टाकलेत, महामंडळाच्या खऱ्या सिस्टिमशी त्यांचा काही संबंध नाही.

1. ट्रेसेबिलिटी म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत सांगा ना.

क्लायंटने जे मागितलं त्यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या टेस्टने तपासली जाते, आणि प्रत्येक टेस्ट कुठल्या मागणीसाठी लिहिली गेली, हे बोट ठेवून दाखवता येणं. आर-12 म्हणते "75 वर्षांवरच्या प्रवाशाचं भाडं शून्य", टीसी-104 मध्ये 76 वर्षांचा प्रवासी टाकून भाडं शून्य येतं का बघतो, या दोघांना जोडणारी ती लिंक. पण लिंक टाकताना आपण एक दावा करत असतो हे लक्षात असू द्या: उद्या आर-12 चा कोड बिघडला तर टीसी-104 फेल होईलच. हा दावा खरा नसेल तर तो सेल भरून काही उपयोग नाही. पुढची बरीच उत्तरं या एका वाक्यावर उभी आहेत म्हणून इथेच सांगून ठेवते.

2. फॉरवर्ड, बॅकवर्ड, बायडायरेक्शनल... इंटरव्ह्यूत विचारतात, फरक काय?

रिक्वायरमेंटकडून टेस्टकडे गेलं की फॉरवर्ड, टेस्टकडून रिक्वायरमेंटकडे आलं की बॅकवर्ड, दोन्ही करता आलं की बायडायरेक्शनल. इंटरव्ह्यूत एवढं बोलून थांबू नका, दोन्हीचा उपयोग वेगळा आहे तो सांगा. फॉरवर्ड बघितलं की टेस्ट न झालेली मागणी सापडते, बॅकवर्ड बघितलं की कोणीच न मागितलेली टेस्ट सापडते, आणि कधी कधी कोणीच न मागितलेलं फीचरसुद्धा (प्रश्न 10 बघा).

3. मॅट्रिक्समध्ये कॉलम कोणते ठेवायचे?

रिक्वायरमेंटचा नंबर, तिची व्हर्जन, एका ओळीत मजकूर, टेस्ट केसचे नंबर, शेवटच्या रनचा निकाल आणि तो कुठल्या बिल्डवर (सॉफ्टवेअरच्या कुठल्या तयार आवृत्तीवर) होता ते, उघडे डिफेक्ट. बस. काही टेम्प्लेटमध्ये वीसेक कॉलम असतात, डिझाइन डॉक्युमेंटचा पान नंबर, रिव्ह्यूअरचं नाव, कॉम्प्लेक्सिटी वगैरे, आणि दुसऱ्या महिन्यापासून ते कोणीच भरत नाही. व्हर्जनचा कॉलम मात्र काढू नका, तो का लागतो ते प्रश्न 7 मध्ये कळेल. मी स्वतः अजून एक कॉलम आग्रहाने ठेवते, "अजून विचारायचंय", त्यात बीएला (बिझनेस अ‍ॅनालिस्ट, क्लायंटच्या मागण्या लिहून देणारी व्यक्ती) विचारलेले पण उत्तर न आलेले प्रश्न. 75 वर्षं तिकीट काढायच्या दिवशी पूर्ण हवीत की प्रवासाच्या दिवशी? हा प्रश्न या कॉलममध्ये तारखेसकट पडलेला असला की रिलीजच्या वेळी "आम्हाला कोणी विचारलंच नाही" असं म्हणायची वेळ कोणावरच येत नाही.

4. मॅट्रिक्स कधी बनवायची? टेस्टिंग संपल्यावर बनवली तर चालेल का?

टेस्ट केस लिहायच्या आधी. रिक्वायरमेंटच्या ओळी आधी टाका, टेस्टचा कॉलम रिकामा ठेवा, तो रिकामा दिसणं हेच काम आहे. शेवटी बनवली तर काय होतं माहितीये, आपण असलेल्या टेस्ट घेऊन बसतो आणि त्यांना जवळपासची रिक्वायरमेंट शोधतो, म्हणजे कपडे आधी शिवून मग मापाचा माणूस शोधल्यासारखं, आणि मग सगळंच बसतंय असं वाटायला लागतं.

5. एका रिक्वायरमेंटला एक टेस्ट केस पुरे ना?

क्वचित. आर-12 च घ्या. 76 वर्षांचा प्रवासी, भाडं शून्य, पास. आता समजा डेव्हलपरने चुकून 65 च्या पुढे सगळ्यांनाच मोफत केलं. टीसी-104 तरीही पास! कारण 76 वाल्याला शून्यच मिळतंय. म्हणजे प्रश्न 1 मधला दावा खोटा ठरला, रिक्वायरमेंट मोडली आणि टेस्टला पत्ता नाही. म्हणून 74 ला निम्मं भाडं, 75 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, वाढदिवसाला, दुसऱ्या दिवशी, 64 ला पूर्ण भाडं (पुरुष प्रवासी घेऊन, नाहीतर महिला सवलत मध्ये येते आणि आपण काय तपासतोय तेच कळत नाही), अशा पाच सहा टेस्ट लागतात. शिवाय वयाचा पुरावा नसेल तर काय, हे वेगळंच.

किती टेस्ट याला ठरलेला आकडा नाही. मी मुलांना एक गोष्ट करायला सांगते: रिक्वायरमेंटचं वाक्य घ्या, ते किती प्रकारे मोडता येईल ते कागदावर लिहा, आणि प्रत्येक प्रकारासमोर तो पकडणारी टेस्ट लिहा. ज्या प्रकारासमोर काही लिहिता आलं नाही तिथे गॅप आहे. पाच मिनिटांचं काम आहे पण डोळे उघडतात.

उलट बाजूसुद्धा आहे. एकच "लॉगिन ते तिकीट प्रिंट" अशी लांबलचक टेस्ट तीस रिक्वायरमेंटला लिंक केलेली मी पाहिलीय. ती टेस्ट त्या तीस जागांवरून नुसती जाते, तपासत काही नाही. टेस्टमध्ये त्या रिक्वायरमेंटचा अपेक्षित निकाल स्पष्ट लिहिलेला नसेल तर लिंक टाकू नका.

6. आमची मॅट्रिक्स 100% भरलेली होती, सगळ्या टेस्ट पास, तरी प्रॉडक्शनला (लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टिममध्ये) मोठा बग गेला. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज पडलेला असतो, म्हणून नीट सांगते.

नासाचं मार्स पोलर लँडर 3 डिसेंबर 1999 ला मंगळावर उतरताना हरवलं. चौकशी मंडळाने सगळ्यात संभाव्य कारण दिलं ते असं. उतरताना सुमारे दीड किलोमीटर उंचीवर पाय उघडतात, त्या झटक्याने पायांतल्या सेन्सरना क्षणभर "जमीन लागली" असं वाटू शकतं. हे माहीत होतं. म्हणून सिस्टिम पातळीच्या रिक्वायरमेंटमध्ये अशा क्षणिक सिग्नलपासून बचाव अपेक्षित होता. पण ती मागणी सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंटमध्ये उतरताना पाय उघडतानाच्या खोट्या सिग्नलचा भाग स्पष्टपणे उतरलाच नाही. सॉफ्टवेअरने तो खोटा सिग्नल लक्षात ठेवला, आणि 40 मीटरवर सेन्सरचं ऐकायला सुरुवात केल्याबरोबर "उतरलो" समजून इंजिन बंद केलं.

आता टेस्टिंगचा भाग ऐका. पाय उघडायची टेस्ट झाली होती! पण त्या टेस्टच्या वेळी सेन्सरचं वायरिंग चुकीचं होतं त्यामुळे खोटा सिग्नल दिसलाच नाही. वायरिंगची चूक सापडली, दुरुस्त केली, आणि मग जमिनीला टेकायचा भाग परत टेस्ट केला, पाय उघडायचा नाही केला.

आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही रोजच्या. एक, वरच्या पातळीच्या मागणीतलं अर्धं वाक्य खालच्या पातळीवर गळतं, आणि मॅट्रिक्स खालच्या पातळीपासून सुरू होत असेल तर ती 100% भरलेलीच दिसणार. म्हणून क्लायंटचं मूळ डॉक्युमेंट, त्यातून निघालेल्या स्टोऱ्या (छोट्या तुकड्यांत लिहिलेल्या मागण्या), मग टेस्ट, अशी साखळी वरपासून धरा, आणि प्रत्येक कडी फक्त जोडलेली आहे का एवढंच बघू नका, दोन्हीकडचा मजकूर शेजारी ठेवून वाचा. दोन, टेस्टचा निकाल ज्या सेटअपवर मिळाला तो सेटअप बदलला की निकाल शिळा होतो. कॉन्फिग चुकीचं होतं म्हणून दुरुस्त केलं, तर त्या चुकीच्या कॉन्फिगवर पास झालेल्या सगळ्या टेस्ट परत "न झालेल्या" धरा. आळस करू नका इथे.

7. रिक्वायरमेंट बदलली की मॅट्रिक्सचं काय करायचं?

मॅट्रिक्स खरी कामाला येते ती याच दिवशी. 17 मार्च 2023 चा दिवस डोळ्यासमोर आणा, महिलांना 50% सवलत लागू. एक नवीन रिक्वायरमेंट आली, तिला नवीन टेस्ट लिहिल्या, झालं? नाही ना. आधीच्या ज्या ज्या टेस्टमध्ये प्रवासी महिला होती आणि अपेक्षित भाडं पूर्ण लिहिलं होतं त्या सगळ्या आता चुकीच्या आहेत. ग्रुप बुकिंगच्या टेस्ट, रिफंडच्या टेस्ट (निम्म्या भाड्यावर कॅन्सलेशन किती कापायचं?), रिपोर्टमधल्या बेरजेच्या टेस्ट. आणि 65 ते 75 मधल्या महिलेला दोन्ही नियमांनी 50% मिळतं, मग दोन्ही लागून ती फुकट जाते का हे आता तपासावं लागणार (प्रश्न 12).

पद्धत अशी: रिक्वायरमेंटची व्हर्जन वाढवली की तिच्या सगळ्या लिंक "संशयित" करायच्या. डोअर्स, पोलारियन, जामा यांच्यासारख्या टूलमध्ये अशी खूण आपोआप लावता येते, एक्सेलमध्ये पिवळा रंग द्या. माणसाने टेस्ट वाचून "अजून बरोबर आहे" किंवा "बदलली" म्हटल्याशिवाय पिवळा काढायचा नाही. सगळे पिवळे सेल एकदम सिलेक्ट करून पांढरे करणारे लोक असतात, प्लीज ते करू नका, त्यापेक्षा पिवळे राहिलेले बरे, निदान खरं तरी दिसतं.

8. आमच्याकडे अजाइल (छोट्या टप्प्यांत काम) आहे, डॉक्युमेंटच नाही, मग ट्रेस कशाला करू?

स्टोरीचे अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया (स्टोरी पूर्ण झाली असं कधी मानायचं त्या अटी) हीच तुमची रिक्वायरमेंट. अडचण अशी की लोक लिंक स्टोरीला टाकतात, स्टोरीत क्रायटेरिया सात, टेस्ट तीन, आणि जिरामध्ये (कामं नोंदवायचं टूल) "लिंक्ड" दिसतं म्हणून सगळे खूश. क्रायटेरियाला नंबर द्या, 1, 2, 3 एवढं साधं, आणि टेस्टच्या नावात तो नंबर लिहा. दुसरी अडचण, स्टोरी बंद होते, सहा स्प्रिंटनंतर (स्प्रिंट म्हणजे कामाचा छोटा टप्पा) दुसरी स्टोरी तोच नियम बदलते, आणि जुन्या स्टोरीला लटकलेल्या टेस्ट तशाच राहतात. आजचा नियम काय आहे हे सांगणारी जागा स्टोरी नसते. म्हणून महत्त्वाचे नियम (भाडं, सवलत, रिफंड) एका वेगळ्या पानावर ठेवा आणि टेस्ट त्या पानाला जोडा.

9. कोड कव्हरेज 85% आहे, डेव्हलपर म्हणतात ट्रेसेबिलिटीची गरज नाही. त्यांना काय सांगू?

कोड कव्हरेज म्हणजे टेस्ट चालवताना किती कोड प्रत्यक्ष चालला, ते लिहिलेल्या कोडबद्दल सांगतं, न लिहिलेल्याबद्दल गप्प असतं. सवलतीचा कोड लिहायलाच विसरले तर कव्हरेज 100% सुद्धा येईल. भांडायची गरज नाही, दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. विमानाच्या सॉफ्टवेअरसाठीचं डीओ-178सी हे स्टँडर्ड (2011) हेच छान जुळवतं: टेस्ट रिक्वायरमेंटवरूनच लिहायच्या, त्या चालवताना कोडचं कव्हरेज मोजायचं, आणि जो कोड एकदाही चालला नाही तिथे थांबून विचारायचं की टेस्ट कमी पडली, रिक्वायरमेंट लिहायची राहिली, की हा कोड इथे नकोच होता? न चाललेल्या कोडवरून राहिलेली रिक्वायरमेंट सापडते हे डेव्हलपरना पटतं, मी करून बघितलंय.

10. टेस्ट केस आहे पण तिची रिक्वायरमेंट सापडत नाही. डिलीट करू?

थांबा, आधी ती कोणी आणि का लिहिली ते विचारा. बऱ्याचदा ती जुन्या प्रॉडक्शन बगवरून लिहिलेली असते आणि तिच्यामागे न लिहिलेला नियम असतो. उदाहरणार्थ एकाच वेळी दोघांनी एकच सीट निवडली तर ती एकालाच मिळाली पाहिजे, हे डॉक्युमेंटमध्ये नसेल पण खोटं कोण म्हणेल? अशा वेळी रिक्वायरमेंट लिहून घ्या, बीएकडून हो म्हणवून घ्या, मग लिंक करा. फीचरच काढून टाकलं असेल तर टेस्ट रिटायर करा. एक्सप्लोरेटरी सेशनला (आधी टेस्ट केस न लिहिता, शोधत जाऊन केलेलं टेस्टिंग) मात्र प्रत्येक वेळी रिक्वायरमेंट शोधत बसू नका, सेशनचा विषय कुठल्या भागाचा आहे एवढं लिहिलं तरी पुरतं.

11. "सिस्टिम फास्ट असावी" अशी रिक्वायरमेंट आलीय. कशाला लिंक करू?

कशालाच नाही, ती परत पाठवा. कुठलं पान, किती यूजर एकदम, किती सेकंदांत, शंभरातल्या किती वेळा, हे आकडे आल्याशिवाय ती पास की फेल सांगताच येत नाही. तोपर्यंत मॅट्रिक्समध्ये तिच्यासमोर "टेस्ट करता येत नाही, आकडे मागितले" असं लिहा. काही रिक्वायरमेंट टेस्टने तपासायच्याच नसतात हेही खरं आहे, उदाहरणार्थ "अमुक लायब्ररी वापरू नये", ती कोड बघून तपासायची. टेस्ट, इन्स्पेक्शन, अ‍ॅनालिसिस, डेमो, यांपैकी कशाने तपासलं ते लिहिलं आणि पुरावा जोडला की झालं, खोटी टेस्ट केस बनवू नका.

12. दोन रिक्वायरमेंट एकमेकींवर चढतात तेव्हा टेस्ट कोणाला लिंक करायची?

दोन्हींना, पण आधी कुठली जिंकते ते लेखी घ्या. 78 वर्षांच्या आजी: ज्येष्ठ म्हणून मोफत की महिला म्हणून निम्मं? 8 वर्षांची मुलगी: मुलांचं अर्धं तिकीट, त्यावर महिला सवलत परत लागते का? सुटी सुटी प्रत्येक रिक्वायरमेंट बरोबर असते, बग दोघींच्या मधे असतो, आणि एका ओळीत एक रिक्वायरमेंट असलेल्या मॅट्रिक्समध्ये "मधलं" दिसायला जागाच नसते. मी अशा वेळी सरळ वेगळी ओळ घालते, "आर-12 आणि आर-15 (महिला सवलत) एकत्र", आणि अपेक्षित निकाल बीएच्या शब्दांत लिहून घेते. सगळ्या जोड्या तपासणं शक्य नसतं, पण एकाच आकड्यावर परिणाम करणारे नियम (इथे भाडं) शोधून त्यांच्या जोड्या तरी कराच.

13. दोन टीमच्या मधल्या इंटरफेसची रिक्वायरमेंट कोणाच्या मॅट्रिक्समध्ये?

दोघांच्याही. नासाचा मार्स क्लायमेट ऑर्बिटर 23 सप्टेंबर 1999 ला मंगळाजवळ हरवला तेव्हा इंटरफेसच्या स्पेसिफिकेशनमध्ये न्यूटन-सेकंद लिहिलेलं होतं, जमिनीवरच्या सॉफ्टवेअरची फाइल पाउंड-फोर्स-सेकंदात येत होती, साडेचार पटीच्या आसपास फरक. मागणी कागदावर होती, दोन्ही बाजूंची खरी फाइल घेऊन ती तपासणारी टेस्ट तिच्यासमोर नव्हती. पेमेंट गेटवेला पैसे रुपयात पाठवता की पैशांत? ही तुमची टेस्ट.

14. ऑटोमेशनच्या टेस्ट कशा जोडायच्या? टूल कुठलं घ्यावं?

रिक्वायरमेंटचा नंबर टेस्टच्या कोडमध्येच ठेवा, पायटेस्टमध्ये मार्कर, टेस्टएनजीमध्ये ग्रुप, क्युकंबरमध्ये टॅग, आणि रन झाला की त्यावरून मॅट्रिक्स आपोआप तयार होऊ द्या. हाताने भरलेली शीट आणि रोज चालणारा कोड फार दिवस जुळत नाहीत. स्किप केलेली टेस्ट "पास" मोजली जात नाही ना हे एकदा मुद्दाम तपासा, तिथे बरेच फसतात. टूलचं म्हणाल तर पन्नास साठ रिक्वायरमेंटपर्यंत एक्सेल व्यवस्थित चालतं, जिरा असेल तर एक्सरे किंवा झेफिर, त्यापुढची निवड बजेटवर.

15. ऑटोमोटिव्ह किंवा मेडिकलमध्ये गेलं तर काय वेगळं?

पुण्यात ऑटोमोटिव्हची कामं भरपूर म्हणून हा प्रश्न येतोच. गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी आयएसओ 26262 आणि एस्पाइस, मेडिकलसाठी आयईसी 62304, या सगळ्या स्टँडर्डमध्ये ट्रेसेबिलिटी ऐच्छिक नाही, असेसर (तपासायला येणारा) पुरावा मागतो. एस्पाइस 3.1 मध्ये बायडायरेक्शनल ट्रेसेबिलिटी आणि कन्सिस्टन्सी हे दोन वेगळे मुद्दे होते, म्हणजे लिंक असणं वेगळं आणि दोन्हीकडचा मजकूर जुळणं वेगळं, मी प्रश्न 6 मध्ये जे म्हटलं तेच. असेसर कुठलीही एक ओळ उचलतो आणि "ही टेस्ट या रिक्वायरमेंटला कशी तपासते ते सांगा" म्हणतो.

16. ऑडिट उद्या आहे, मॅनेजर म्हणतो रात्रीत मॅट्रिक्स भरून दे. काय करू?

मी माझ्या दुसऱ्याच वर्षी हे केलंय. रात्री बसून रिकाम्या ओळींसमोर जवळपासच्या टेस्टचे नंबर टाकले, ऑडिट पार पडलं, आणि पुढच्या महिन्यात त्याच भरलेल्या ओळींपैकी एका रिफंडच्या नियमात लोकांचे पैसे अडकले. माझ्या शीटमध्ये तिथे हिरवं होतं, त्यामुळे दोन दिवस कोणी तिकडे बघितलंच नाही. ते मला अजून लागतं. रिकाम्या ओळी रिकाम्या दाखवा, शेजारी "कधी करणार" ही तारीख लिहा. ऑडिटर गॅप आणि प्लॅन दोन्ही बघून बहुतेक वेळा शेरा मारतो आणि पुढे जातो, तो शेरा परवडतो. मॅनेजरला हे बोलायची भीती वाटत असेल तर मेलवर लिहा, "या 14 ओळींना टेस्ट नाहीत, भरू नयेत असं माझं मत आहे", एवढंच.

17. प्रॉडक्शनला बग आला की मॅट्रिक्समध्ये काय बदलायचं?

आधी साखळी कुठे तुटली ते शोधा. रिक्वायरमेंटच नव्हती? होती पण टेस्ट नव्हती? टेस्ट होती पण मोडलेलं तिला पकडता आलं नाही (प्रश्न 5)? की टेस्ट चांगली होती आणि या बिल्डवर चालवलीच नाही? चारही गोष्टींना दुरुस्ती वेगळी आहे, आणि "अजून टेस्ट वाढवा" हे फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्याचं उत्तर आहे. डिफेक्टमध्ये हे एका शब्दात नोंदवा. नवीन टेस्ट लिहिली असेल तर ती आधी बग असलेल्या जुन्या बिल्डवर चालवा, तिथे ती फेल झाली की मगच लिंक टाका.